वीर्यतपासणी: रिपोर्टमधला आकडा येतो कसा, आणि कुठे गंडतो

काचपट्टी

व्हॉल्यूम २ मिली, काऊंट ३५ मिलियन, ॲक्टिव्ह ६०, स्लगिश २०, डेड २०, पस सेल्स ६-८. खाली सही-शिक्का. वीर्यतपासणीचे बरेचसे रिपोर्ट याच साच्यातले असतात आणि बहुतेक आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपतात. खरोखर मोजलेले आकडे इतके गुळगुळीत येत नाहीत. रक्तातली साखर मशीन सांगतं. इथे मात्र माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक शुक्रजंतू मोजतो, त्यामुळे हात आणि डोळा जिथे चुकेल तिथे रिपोर्ट चुकतो. म्हणून या धाग्यात प्रत्येक पायरीवर काय होतं ते लिहितोय. लॅबवाल्यांनी भर घालावी.

नमुन्यापासूनच सुरुवात करू. आधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यपात झालेला नसावा. एकाच दिवसाचं अंतर असेल तर काऊंट, म्हणजे दर मिलीतली शुक्रजंतूंची संख्या, कमी भरतो. दहा-बारा दिवस झाले तर काऊंट वाढलेला दिसतो, पण साठून राहिलेल्या शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. नेमके किती दिवस ते रिपोर्टवर लिहिलेलं हवं, कारण दोन रिपोर्टांची तुलना त्याशिवाय करता येत नाही.

नमुना पूर्ण हवा. वीर्य सगळं एकजिनसी बाहेर येत नाही: पहिल्या भागात प्रोस्टेटचा स्राव आणि बहुतांश शुक्रजंतू, मागाहून मुख्यतः वीर्यकोशाचा स्राव. पहिले काही थेंब भांड्याबाहेर गेले तर काऊंट निम्म्यावरही येऊ शकतो. शेवटचा भाग सांडला तर व्हॉल्यूम कमी भरतं आणि दर मिलीचा आकडा उलट फुगतो. त्यामुळे काही सांडलं का आणि कोणता भाग सांडला, हे काऊंटरवरच विचारायला हवं. लाजेने कुणी आपणहून सांगत नाही. साबण, तेल, थुंकी आणि बाजारातला साधा निरोध या चारही गोष्टी शुक्रजंतूंना मारक ठरू शकतात.

नमुना घरून आणायचा असेल तर शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. शक्यतो अर्ध्या तासात आणि कुठल्याही परिस्थितीत एका तासाच्या आत तपासणी सुरू व्हायला हवी. तापमान २० ते ३७ अंशांत. फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. खरं म्हणजे लॅबमध्येच दिलेला बरा, पण त्यासाठी लॅबने कडी लागणारी खोली द्यावी. सार्वजनिक संडासाकडे बोट दाखवायचं आणि नंतर 'नमुना अपुरा' असा शेरा मारायचा, हा प्रकार कमी नाही.

काचपट्टी

पुढचा भाग. व्हॉल्यूम वजनावरून काढायचं. रिकामं भांडं आधी तोलून झाकणावर वजन लिहून ठेवायचं, नमुन्यासकट पुन्हा तोलायचं, फरक म्हणजे व्हॉल्यूम. एक ग्रॅमला एक मिली धरतात. सिरिंजने ओढून किंवा मोजनळीत ओतून मोजलं तर थोडा भाग भिंतींना चिकटून राहतो आणि आकडा कमी येतो. सिरिंजच्या काही प्लास्टिकने हालचालही मंदावते.

मग भांडं ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. ताजं वीर्य साखळतं आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत पातळ होतं. एक तास उलटूनही झालं नाही तर तशी नोंद करायची. पातळ झाल्यावर पिपेटमधून थेंब सोडून बघायचा. थेंबामागची तार दोन सेंटिमीटरपेक्षा लांब लोंबत असेल तर नमुना चिकट, आणि पुढचं सगळं मोजमाप धोक्यात, कारण चिकट वीर्य पिपेटमध्ये पुरतं चढत नाही आणि चढलेलं पुरतं उतरत नाही. प्रत्येक वेळी थेंब घेण्याआधी भांडं हलक्या हाताने १५ ते ३० सेकंद गोल फिरवायचं. जोरात हलवून बुडबुडे काढायचे नाहीत. हे फिरवणं राहिलं तर वरच्या थराचा थेंब एक सांगतो आणि तळाचा दुसरंच.

रानवारा

मधेच विचारतो. वीर्य 'पातळ' झालंय म्हणून काऊंट कमी, असं सर्रास म्हणतात. धातू पातळ झाल्याच्या जाहिराती तर भिंतीभिंतींवर असतात. यात काही तथ्य?

गोलपेशी

@रानवारा, नाही. वीर्यातला साधारण दोन तृतीयांश द्रव वीर्यकोशातून येतो आणि उरलेल्यातला बहुतेक प्रोस्टेटमधून. शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम काही टक्के. नसबंदी झालेल्या माणसाचं वीर्य रंगाला, घट्टपणाला, प्रमाणाला पहिल्यासारखंच दिसतं आणि त्यात शुक्रजंतू शून्य असतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय नुसत्या डोळ्यांनी काऊंट सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि तपासणीच्या भाषेत 'पातळ होणं' ही निरोगी खूण आहे. घट्टच राहिलं तर तक्रार.

फेज कॉन्ट्रास्ट

मोटिलिटीबद्दल, म्हणजे शुक्रजंतूंच्या हालचालीबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त अंदाजपंचे इथेच चालतात.

१० मायक्रोलीटरचा थेंब, वर २२ × २२ मिमीची कव्हरस्लिप. हे माप ठरवून दिलेलं आहे, कारण त्याने सुमारे २० मायक्रॉन खोलीचा थर तयार होतो आणि शेपटीला हलायला मोकळी जागा मिळते. लहान थेंब मोठ्या कव्हरस्लिपखाली दाबला की शुक्रजंतू जागीच वळवळतात. मोठा थेंब असेल तर ते खालीवर पोहत फोकसबाहेर जातात. कव्हरस्लिप टाकल्यावर प्रवाह थांबेपर्यंत थांबायचं, मिनिटभरात थांबतो. नाही थांबला तर दुसरी स्लाईड करायची. वाहत्या पाण्यात मेलेला मासाही पोहताना दिसतो.

प्रतवारी चार गटांत. सेकंदाला २५ मायक्रॉन किंवा जास्त पुढे जाणारे जलद, ५ ते २५ मंद, पण पुढे जाणारे, त्याहून कमी म्हणजे जागच्या जागी हलणारे, आणि स्थिर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या पुस्तिकेने जलद आणि मंद एकत्र केले होते, २०२१ च्या सहाव्या आवृत्तीने ते पुन्हा वेगळे केले. एका थेंबातले किमान २०० मोजायचे, मग नव्या थेंबातले २००, आणि दोन्ही टक्केवाऱ्या जुळल्या तरच सरासरी.

डोळ्याची खोड अशी की हलणाऱ्या वस्तूकडे तो आधी धावतो. म्हणून फील्ड न निवडता सरकवायचं आणि नजर टेकली की त्याच क्षणी चौकटीत असलेले मोजायचे. बाहेरून पोहत आत येणारे धरत बसलात तर मोटिलिटी आपोआप फुगते.

तापमानाचंही तसंच. निफाडच्या डिसेंबरात सकाळी आठ वाजता गार स्टेजवर गार स्लाईड ठेवली तर चांगले शुक्रजंतूही मंद दिसतील. गरम स्टेज नसेल तर निदान स्लाईड आणि कव्हरस्लिप ३७ अंशांवर ठेवलेल्या असाव्यात.

उंटावरचा शहाणा

'डेड २०' यावर कुणी बोलणार आहे का? की तेही अंदाजपंचे?

गोलपेशी

त्यावरच येत होते. स्थिर म्हणजे मेलेला नव्हे. जिवंत आहे की नाही हे रंग देऊनच कळतं. वीर्य आणि इओसिन-निग्रोसिन समप्रमाणात मिसळून अर्धा मिनिट थांबायचं, पसरायचं, वाळवायचं आणि तेलाच्या लेन्सखाली २०० मोजायचे. मेलेल्याचं आवरण फाटलेलं असतं, इओसिन आत शिरतं, डोकं लाल किंवा गडद गुलाबी होतं. जिवंत पांढरं राहतं. फक्त मानेपाशी रंग असेल तर जिवंतच धरायचं. एकूण मोटिलिटी ४० टक्क्यांच्या खाली असेल तेव्हा ही तपासणी टाळता कामा नये.

फरक पडतो कारण उपचार बदलतो. स्थिर पण जिवंत असे बहुसंख्य असतील तर शेपटीच्या रचनेतच दोष असू शकतो. अशा काहींना लहानपणापासून सर्दी, सायनस, छातीचे त्रासही असतात, कारण श्वासनलिकेतल्या केसांची यंत्रणा तीच. जिवंत असल्यामुळे इक्सीसाठी (एकच शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात टोचण्यासाठी) ते वापरता येतात. मात्र तिथे इओसिन चालत नाही, रंगवलेला शुक्रजंतू वापरायच्या लायकीचा राहत नाही. म्हणून कमी क्षाराच्या द्रावात सोडतात. जिवंताची शेपटी फुगून वळते, मेलेल्याची सरळच राहते.

याच तपासणीत फुकटचा हिशेबही मिळतो. हलणारे टक्के अधिक मेलेले टक्के शंभरच्या वर जाऊच शकत नाहीत. रिपोर्टवर हलणारे ६५ आणि मेलेले ४५ असं दिसलं तर दोन्हींपैकी एक मोजलेलंच नाही.

सावळा_विठू

काऊंटचं गणित कुणी सोडवून दाखवेल का? आमच्याकडे अजून डब्ल्यूबीसी पिपेटने (रक्तातल्या पांढऱ्या पेशींसाठीच्या) वीर्य १:२० पातळ करतात.

काचपट्टी

@सावळा_विठू, प्रमाण बरोबर आहे, साधन चुकीचं. काचेच्या त्या पिपेटमध्ये चिकट वीर्य ०.५ च्या खुणेवर नेमकं थांबवणं अवघड, आणि बाहेरून चिकटलेलं पुसायला बहुतेक जण विसरतात. पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेटने, म्हणजे ज्यात दट्ट्या थेट द्रवाला टेकतो त्याने, ५० मायक्रोलीटर वीर्य घ्या, टोक बाहेरून पुसा आणि ९५० मायक्रोलीटर द्रावात सोडा. द्राव म्हणजे एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि ३५ टक्के फॉर्मॅलिन १० मिली. त्यात शुक्रजंतू जागच्या जागी थांबतात. अशी दोन स्वतंत्र मिश्रणं करायची. एकाच मिश्रणाने चेंबरच्या दोन्ही बाजू भरल्या तर पिपेटची चूक कधीच उघड होत नाही.

सुधारित न्यूबॉअर चेंबर (जाळी कोरलेली मोजणीची काच) भरायचा, ओलसर डबीत दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, म्हणजे सगळे तळाशी बसतात. मधल्या जाळीत २५ मोठे चौकोन, पाच-पाचच्या पाच ओळी. एका ओळीवर २० नॅनोलीटर द्रव. एका बाजूला २०० पूर्ण होतील इतक्या ओळी मोजा, आणि सुरू केलेली ओळ अर्धी सोडू नका. दुसऱ्या बाजूला तितक्याच ओळी. रेषेवर पडलेल्यांचा नियम एकच ठेवा: दोन बाजूंच्या रेषा धरायच्या, उरलेल्या दोन सोडायच्या. डोकं शेपटीसकट असेल तरच मोजायचं. नुसती डोकी किंवा शेपट्या वेगळ्या नोंदवायच्या.

समजा पाच ओळींत पहिल्या बाजूला २१२, दुसऱ्या बाजूला १८८. बेरीज ४००, फरक २४. चालेल इतका फरक किती? बेरजेचं वर्गमूळ गुणिले १.९६, म्हणजे २० × १.९६, साधारण ३९. चोवीस त्याच्या आत आहे, मोजणी ग्राह्य. १:२० मध्ये भागाकार सोपा आहे: एकूण ४०० भागिले एकूण १० ओळी, ४० मिलियन प्रति मिली. व्हॉल्यूम २.५ मिली असेल तर एकूण १०० मिलियन. उलट २५० आणि १९० आले तर फरक ६० आणि मर्यादा ४१. मोजणी टाकून द्या, नवीन मिश्रणं करा. सरासरी काढून २२० लिहिणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

चारशेच का? मोजणीतली चूक मोजलेल्यांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. ४०० मोजले तर ५ टक्के, ५० मोजले तर १४ टक्के. घाईत चार चौकोन बघून लिहिलेला ३५ हा २५ ही असू शकतो आणि ४५ ही.

उंटावरचा शहाणा

मॅकलर चेंबर, ही पातळ न करता मोजायची काच, कशाला बाजूला टाकलात? दहा चौकोन मोजले की थेट मिलियन प्रति मिली, मिसळायची भानगडच नाही.

फेज कॉन्ट्रास्ट

सोय आहे, मान्य. पण खोली फक्त १० मायक्रॉन, त्यामुळे कडेला धुळीचा कण अडकून वरची काच जरा उचलली गेली तरी आकडा वर जातो. आणि पातळ न केलेल्या वीर्यात हलणारे शुक्रजंतू मोजताना काही दोनदा मोजले जातात. दहा चौकोनांत दहा-पंधराच सापडले तर वर्गमूळाचा नियम तिथेही पिच्छा सोडत नाही. मॅकलरने न्यूबॉअरपेक्षा जास्त आकडा येण्याची तक्रार जुनी आहे.

मशीनबद्दलही सांगून टाकतो, कारण 'कॉम्प्युटराइज्ड' लिहिलं की लोकांना हायसं वाटतं. कॅमेऱ्याने मोजणारं यंत्र साधारण २ ते ५० मिलियनच्या पट्ट्यात नीट चालतं. त्याखाली कचऱ्याचे कण आणि गोल पेशी त्याला स्थिर शुक्रजंतू वाटतात. त्यावर दोन शुक्रजंतूंच्या वाटा एकमेकींना छेदल्या की यंत्राचा गोंधळ होतो. पडद्यावरच्या खुणा तपासायला माणूस लागतोच.

गोलपेशी

पस सेल्सबद्दल. साध्या ओल्या स्लाईडवर पांढऱ्या पेशी आणि वृषणातून सुटलेल्या अपक्व जननपेशी दोन्ही गोलच दिसतात. सगळ्यांना 'पस' म्हटलं की डॉक्टर प्रतिजैविकं लिहितात आणि महिन्याने 'पस' तेवढाच, कारण मुळात तो पस नव्हताच. पेरॉक्सिडेजचा रंग दिला की न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तपकिरी होतात, जननपेशी बिनरंगाच्या राहतात. तपकिरी पेशी दर मिलीला १० लाखांहून जास्त असतील तर सूज किंवा संसर्गाचा विचार करायचा. लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी या रंगात दिसत नाहीत हेही लक्षात असू द्या.

रानवारा

मॉर्फोलॉजीत, म्हणजे शुक्रजंतूंच्या आकाराच्या तपासणीत, 'नॉर्मल ४ टक्के' लिहून शेजारी 'नॉर्मल' हे कसं? ९६ टक्के सदोष म्हणजे माणूस हादरणारच की.

काचपट्टी

हादरतातच, आणि कोणी समजावून सांगत नाही. ही कडक कसोटी आहे. डोकं गुळगुळीत लंबगोल, लांबी सुमारे ४ मायक्रॉन, रुंदी पावणेतीनच्या आसपास. पुढची टोपी डोक्याचा ४० ते ७० टक्के भाग झाकणारी. मधला भाग सडपातळ, डोक्याइतकाच लांब आणि सरळ रेषेत. शेपटी ४५ मायक्रॉन, कुठे मोडलेली नाही. सीमारेषेवरचे सगळे सदोषात. अशा कसोटीत मूल झालेल्या पुरुषांचेही बहुतेक शुक्रजंतू नापास होतात.

शिवाय २०० पैकी ८ म्हणजे ४ टक्के. इतक्या लहान संख्येत खरी टक्केवारी २ ते ८ च्या दरम्यान कुठेही असू शकते. तीन आणि चार यांत फरक पाहणं निरर्थक. लक्ष द्यायचं ते सगळे एकाच तऱ्हेने बिघडलेले असतील तेव्हा: सगळी डोकी गोल आणि टोपीच नाही, तर तो वेगळा, नेमका आजार आहे. उलट 'नॉर्मल ७०' दिसलं तर समजावं की रंगवलेली स्लाईड न बघता ओल्या थेंबावरून लिहिलंय. पॅपानिकोलाऊ स्टेन आणि तेलाची १०० एक्स लेन्स नसेल तर मॉर्फोलॉजी लिहूच नये.

कोकणकडा

काऊंट १४ मिलियन आला तर वंध्यत्व ठरलं का? खालची मर्यादा १६ छापलेली असते.

गोलपेशी

@कोकणकडा, नाही. ती मर्यादा कशी काढली ते बघा: ज्यांच्या जोडीदाराला वर्षाच्या आत गर्भ राहिला अशा पुरुषांचे आकडे ओळीने लावले आणि खालून पाच टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे बाप झालेल्या दर शंभरांतले पाच या रेघेखालीच होते. जागतिक आरोग्य संघटनेची रेघ १९९९ मध्ये २० होती, २०१० मध्ये १५, २०२१ पासून १६. बाकीच्या रेघा अशा: एकूण मोटिलिटी ४२, पुढे जाणारे ३०, जिवंत ५४ टक्के, व्हॉल्यूम १.४ मिली, एकूण संख्या ३९ मिलियन. दर मिलीच्या आकड्यापेक्षा एकूण संख्या जास्त बोलकी: ४ मिलीत १४ म्हणजे ५६ मिलियन, १ मिलीत २० म्हणजे फक्त २०.

पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तर दुसरा घ्यायचाच. मधे जोराचा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून, कारण शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि पुढचा प्रवास वेगळा. आज दिसतोय तो अडीच-तीन महिन्यांपूर्वीचा माल.

सावळा_विठू

आणि 'निल', म्हणजे एकही शुक्रजंतू नाही, असं लिहिलं तर?

काचपट्टी

'निल' लिहिण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट) १५ मिनिटं फिरवून तळाचा गाळ पूर्ण बघावा लागतो. गाळात चार-दोन सापडले तर तो निल नव्हे, आणि इक्सीच्या दृष्टीने त्या चारांना किंमत आहे. इथली हमखास चूक म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) ३००० जी समजणं. दहा सेंमी त्रिज्येच्या सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० आरपीएमला जेमतेम १००० जी मिळतो. ३००० साठी ५२०० च्या आसपास फिरवावं लागतं. दोन वेगवेगळ्या नमुन्यांत निल आलं तरच निल.

मग व्हॉल्यूम आणि पीएच बघायचे. व्हॉल्यूम कमी, पीएच ७.२ च्या खाली, आणि रिसॉर्सिनॉल टाकून उकळल्यावर लाल रंग येत नाही, म्हणजे फ्रुक्टोज नाही: वीर्यकोशाचा स्राव पोचतच नाहीये. एकतर नळी बंद किंवा जन्मतः शुक्रवाहिनीच नाही. ती डॉक्टरांना बोटांनी चाचपून कळते. नसेल तर नवरा-बायको दोघांचीही सीएफटीआर जनुकाची (सिस्टिक फायब्रोसिसशी जोडलेल्या) तपासणी. व्हॉल्यूम फारच कमी आणि मधुमेह असेल तर आधी वीर्यपातानंतरची लघवी तपासा, माल मूत्राशयात गेलेला असू शकतो.

व्हॉल्यूम-पीएच ठीक आणि तरी निल असेल तर एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं आणि वृषणाचा आकार बघायचा. काऊंट ५ मिलियनच्या खाली असेल तेव्हापासूनच कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्राच्या तुटीचा विचार करतात. वाय गुणसूत्रावरचा एझेडएफ-ए हा भाग पूर्ण गळलेला निघाला तर वृषणातून शुक्रजंतू काढायची शस्त्रक्रिया करूच नये, काही सापडत नाही. एक साधी रक्ततपासणी इथे भूल, टाके आणि मोठा खर्च वाचवते.

कोकणकडा

डीएनए फ्रॅगमेंटेशन, म्हणजे शुक्रजंतूंचा डीएनए किती तुटलाय याची तपासणी, सगळ्यांनीच करावी का? पॅकेजमध्ये घालून देतात.

फेज कॉन्ट्रास्ट

सरसकट नको. वारंवार गर्भपात होत असतील किंवा वरचं सगळं ठीक असून गर्भ राहत नसेल तर उपयोग. हॅलो पद्धतीत डीएनए शाबूत असेल तर डोक्याभोवती मोठं वलय दिसतं, तुटका असेल तर लहान किंवा अजिबात नाही. ट्युनेल, कॉमेट, एससीएसए या इतर पद्धतींचे आकडे एकमेकांशी लावू नका, प्रत्येकाची मर्यादा वेगळी. आणि दिवसांचं अंतर वाढलं की हा आकडाही वाढतो, तेव्हा दोन्ही वेळा दिवस सारखेच ठेवा.

उंटावरचा शहाणा

मग लॅबला विचारायचं काय, ते एकदा सांगा. यादी नको, माणूस काऊंटरवर उभा आहे असं समजा.

काचपट्टी

किती शुक्रजंतू मोजून हा आकडा दिला, आणि दोनदा मोजला का, एवढं विचारा. 'दोनशे-दोनशे' असं उत्तर आलं तर बाकीचंही बहुधा नीट असेल. मग नमुना दिल्याची आणि तपासणी सुरू झाल्याची वेळ रिपोर्टवर आहे का ते बघा. मोठ्या लॅबला बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत भाग घेता का आणि आयएसओ २३१६२ पाळता का, हेही विचारता येतं. वीर्यतपासणीसाठीच २०२१ मध्ये आलेलं मानक आहे ते. काऊंटरवरची मुलगी गोंधळली तर टेक्निशियनला बोलवायला सांगा. पाच मिनिटांत रिपोर्ट हातात ठेवणारी लॅब असेल तर विचारायचीही गरज नाही, नमुना पातळ व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.